आठ की तीन? बोटीवर जाण्याआधीच्या ‘मेडिकल’ची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. मधले ‘अं...’ आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच आहे.)

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. आजची गोष्ट समुद्राची आहे, पण ती सुरू होते पुण्यात.

पुण्यात समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण तळेगावजवळ इंदुरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे आणि लोणी काळभोरला ‘मॅनेट’. दरवर्षी कितीतरी पोरं घाटाच्या या बाजूला बसून बोटीवर जायचं शिकतात. २०१५ साली, बारावीनंतर, मलाही त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं. पांढरा युनिफॉर्म, खांद्यावर पट्ट्या, डॉलरमध्ये पगार. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. तिकडे एखाद्या घरातला माणूस दिसला नाही की विचारतात, ‘बोटीवर आहे का?’ त्यामुळे घरात कुणाला फार नवल वाटलं नाही. एका एजंटने ‘सीट पक्की’ सांगितलं, बाबांनी टोकन रक्कम भरली, आणि मग कुणीतरी म्हणालं, मेडिकल करून घ्या, फॉर्मॅलिटी असते.

वजन झालं, उंची झाली, बीपी झालं, कानांची तपासणी झाली. दूरची अक्षरं मी घडाघडा वाचली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक काढलं. पहिल्या पानावर १२. मी म्हणालो, बारा. दुसऱ्या पानावर मी म्हणालो, तीन.

बाबा माझ्या मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘अरे, नीट बघ, आठ आहे.’

मी नीटच बघत होतो. मला तीनच दिसत होता. डॉक्टरांनी आणखी दहाबारा पानं उलटली. काही पानांवर मला नुसते ठिपके दिसले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘बाळा, लाल-हिरव्याचा घोळ आहे. बोटीवर नाही जमणार.’ पाच मिनिटं लागली असतील. टोकनचे पैसे परत मिळाले नाहीत. मी इंजिनिअरिंगला गेलो आणि आज हिंजवडीत कोड लिहितो.

बरीच वर्षं मला वाटायचं, एका पुस्तकाच्या एका पानाने माझं आयुष्य ठरवलं, हा अधिकार त्याला दिला कुणी? मग एका लॉकडाऊनमध्ये मी हे खरंच शोधायला बसलो. आजचा एपिसोड म्हणजे त्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर.

पुस्तकाच्या आधी दिवे

आधी दिवे समजून घेऊ. रात्रीच्या समुद्रात समोरचं जहाज दिसत नाही, फक्त त्याचे दिवे दिसतात. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. समजा तुम्ही जहाज चालवताय आणि उजवीकडून एक जहाज आडवं येतंय. तुम्हाला त्याची डावी बाजू दिसणार, म्हणजे लाल दिवा. अर्थ सरळ आहे: बाजूला तुम्ही व्हायचं. तेच जहाज डावीकडून आलं तर हिरवा दिसतो, म्हणजे बाजूला त्याने व्हायचं आणि तुम्ही आपली दिशा सोडायची नाही. दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ते थेट तुमच्या अंगावर येतंय.

म्हणजे समुद्रावर सिग्नलचा खांब नाही, प्रत्येक जहाजच सिग्नल आहे. आणि रस्त्यावरच्या सिग्नलला माझ्यासारख्यांची एक सोय असते: लाल वर, हिरवा खाली. रंग नाही कळला तरी जागा कळते. समुद्रात अंधारात लुकलुकणाऱ्या एका ठिपक्याला वर-खाली काही नसतं.

वाफेची जहाजं आली, वेग वाढला, टकरी वाढल्या. मग १८४८ मध्ये ब्रिटनने वाफेच्या जहाजांना हे लाल-हिरवे दिवे सक्तीचे केले. आता मजा बघा. दिवे सक्तीचे झाले, पण ते बघणाऱ्याला रंग कळतात का, हे तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रंगांधळेपणा तेव्हा माहीत नव्हता असंही नाही. अकरावीच्या केमिस्ट्रीतला जॉन डाल्टन आठवतो? अणूवाला? तो स्वतः रंगांध होता. आपल्याला रंग इतरांपेक्षा वेगळे दिसतात यावर त्याने १७९४ मध्ये मँचेस्टरला निबंध वाचला होता. डोळ्यातलं पाणी निळसर असेल म्हणून असं होत असावं, असा त्याचा अंदाज होता. मेल्यावर माझे डोळे तपासा, असं त्याने सांगून ठेवलं. तपासले, तर आतलं पाणी स्वच्छ निघालं. ते डोळे मात्र जपून ठेवले गेले, आणि १९९५ मध्ये त्यांच्यातून डीएनए काढून शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं: हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा जीनच डाल्टनमध्ये नव्हता.

हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणून पुरुषांत हे जास्त दिसतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण शंभरात आठ, बायकांत शंभरात एकसुद्धा नाही. आणि मुलाकडे ते येतं आईकडून. माझं निदान झालं तेव्हा मामा फोनवर हसत म्हणाला, ‘अरे, मला पण आंबा पिकला की नाही ते रंगावरून कळत नाही, मी देठाशी वास घेतो!’ पन्नाशी उलटली तरी त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

एक अपघात आणि लोकरीचे गुंडे

गरज पडली ती १८७५ मध्ये. त्या वर्षी जुलैत अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ‘आयझॅक बेल’ हे जहाज आणि ‘लंबरमन’ ही टगबोट यांची टक्कर झाली. दहा माणसं गेली. पुढे कळलं की टगबोटीचा कप्तान रंगांध होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वीडनला लागरलुंडा इथे दोन ट्रेन समोरासमोर धडकल्या. नऊ जण गेले.

उप्सालाचा एक प्राध्यापक होता, फ्रिथिऑफ होल्मग्रेन. त्याला शंका आली की ड्रायव्हरला सिग्नलचा रंगच कळला नसेल. ड्रायव्हर तर अपघातातच गेला होता. मग होल्मग्रेनने दुसऱ्या एका मार्गावरचे २६६ रेल्वे कर्मचारी तपासले. त्याची पद्धत एकदम घरगुती. रंगीत लोकरीचे गुंडे टेबलावर पसरायचे, एक गुंडा हातात द्यायचा आणि सांगायचं, याच्याशी जुळणारे वेगळे काढ. २६६ पैकी १३ जणांचा घोळ निघाला. हे १३ जण रोज सिग्नल बघून काम करत होते!

इथे एक गंमत सांगतो. २०१२ मध्ये मॉलन आणि कॅव्होनियस या संशोधकांनी लागरलुंडाची कागदपत्रं पुन्हा वाचली. तो अपघात रंगांधळेपणामुळे झाला याला पक्का पुरावा नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे जगभर ज्या तपासण्या सुरू झाल्या, त्यांच्या मुळाशी असलेली गोष्टच थोडी डळमळीत आहे. पण तोपर्यंत लोकांच्या मनात भीती बसली होती, आणि ती भीती पूर्ण खोटीही नव्हती.

ब्रिटनमध्ये १८७७ मध्ये जहाजाच्या अधिकाऱ्यांसाठी रंगांची तपासणी सुरू झाली. हिशोब करा: दिवे १८४८ला, तपासणी १८७७ला. मध्ये २९ वर्षं!

पुढे लोकरीची पद्धतही त्यांनी उचलली, आणि भांडण तिथेच सुरू झालं. दिवसाउजेडी टेबलावरची लोकर आणि रात्री दोन मैलांवरचा दिवा, या काय एकच गोष्टी आहेत? एड्रिज-ग्रीन नावाचा एक डॉक्टर वर्षानुवर्षं ओरडत राहिला की दिव्याची तपासणी दिव्यानेच करा. मग ट्रॅटल्स नावाच्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं. तो कधी लोकरीच्या परीक्षेत पास व्हायचा, कधी नापास. माणूस तोच, डोळे तेच, निकाल वेगळा. १९०९-१०च्या सुमारास हा विषय थेट ब्रिटिश संसदेत पोचला. शेवटी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तपासणीसाठी कंदील आला.

आणि माझं ते पुस्तक? ते जपानचं. शिनोबू इशिहारा या डोळ्यांच्या डॉक्टरला सैन्याने सांगितलं, भरतीसाठी सोपी तपासणी तयार कर. त्याने स्वतःच्या हाताने, जलरंगात ठिपके रंगवले. १९१७ मध्ये ते पुस्तक छापलं गेलं. त्याची रचना हुशारीची आहे. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, म्हणजे पुढे कुणी मुद्दाम नाटक केलं तर लगेच पकडता येतं. दुसऱ्या पानावर नेहमीच्या डोळ्यांना ८ दिसतो, आमच्यासारख्यांना ३. आम्हाला काहीच दिसत नाही असं नाही, चुकीचं पण ठाम दिसतं. भीती त्या ठामपणाची आहे.

इथपर्यंत आलो तेव्हा माझा राग अर्धा उतरला होता. मध्यरात्री दोन वाजता मी ब्रिजवर उभा आहे, खाली वीस-पंचवीस माणसं झोपली आहेत, आणि मी हिरवा समजून लाल दिव्यासमोरून जहाज पुढे काढतोय. नको. मलाच नको.

बॉयलरपाशी कुणाची तपासणी?

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण मग माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. ही सगळी तपासणी ब्रिजवरच्या साहेबांची. खाली बॉयलरपाशी कोण होतं?

खाली आपली माणसं होती. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर मुंबईतून हजारो खलाशी चढायचे. रत्नागिरी-रायगडकडचे, त्यांत कोकणी मुसलमान भरपूर. गोव्याची माणसं बहुतेक भटारखान्यात आणि सलूनमध्ये. बोट मिळेपर्यंत ती धोबीतलावला आपापल्या गावाच्या ‘कुडा’त राहायची. भरती सारंगाच्या हातात. इंग्रज या सगळ्यांना ‘लॅस्कर’ म्हणायचे. कोळसा भट्टीत टाकणारा तो आगवाला. पोलादी पोटात, तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यात, उघड्या भट्टीसमोर. गोरे साहेब म्हणायचे, या लोकांना उष्णता सोसते.

जागेचं गणित ऐका. ब्रिटिश खलाशाला झोपण्या-राहण्यासाठी कायद्याने आधी ७२ घनफूट आणि १९०६ नंतर १२० घनफूट जागा. लॅस्करच्या करारावरच्या भारतीय खलाशाला ३६. हे शरीर कशाने मोडेल, किती दिवसांत मोडेल, हे विचारणारी तपासणी कुठे होती?

ती आली १९२१ मध्ये, आणि तीही मुलांच्या निमित्ताने. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दोन करार मंजूर केले. एक: १८ वर्षांखालच्या कुणालाही डॉक्टरच्या सर्टिफिकेटशिवाय जहाजावर कामाला घ्यायचं नाही, आणि ती तपासणी दर वर्षी पुन्हा करायची. दोन: १८ वर्षांखालच्या मुलाला भट्टीपाशी किंवा कोळसा ओढायला लावायचं नाही.

छान ना? आता दुसऱ्या करारातला अपवाद ऐका. भारत आणि जपान यांच्या किनारी वाहतुकीच्या जहाजांवर १६ वर्षांचा मुलगाही आगवाला म्हणून चालेल, फक्त डॉक्टरने तपासून तो धडधाकट ठरवायला हवा. भारताने हे दोन्ही करार १९२२ मध्ये स्वीकारले.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. एकाच वर्षी, एकाच शहरात मंजूर झालेले करार. एका कागदात मेडिकल मुलाला वाचवायला आहे. दुसऱ्या कागदात तेच मेडिकल आपल्याकडच्या १६ वर्षांच्या पोराला भट्टीपाशी उभं करायची परवानगी आहे. स्टेथोस्कोप तोच. कागदावर कोणता प्रश्न छापलाय, त्यावर सगळं ठरतं.

तीन प्रश्न

१९४६ मध्ये, महायुद्ध संपल्यावर, अमेरिकेत सिएटलला पुन्हा बैठक झाली आणि सगळ्याच वयाच्या खलाशांच्या तपासणीचा करार झाला. त्यात सर्टिफिकेटने काय सांगायचं ते लिहिलंय. ऐकू येतं का, दिसतं का, आणि डेकवर काम असेल तर रंग कळतात का. समुद्रावर गेल्याने बळावेल किंवा कामच करता येणार नाही असा काही आजार आहे का. आणि बरोबरच्या लोकांना त्याच्यापासून धोका आहे का.

म्हणजे सोप्या भाषेत, जहाजाला तुझ्यापासून धोका आहे का हे तर विचारायचंच, पण तुला जहाजापासून धोका आहे का हेही विचारायचं. दुसरा प्रश्न कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते: सर्टिफिकेट नाकारलं, तर कंपनीशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडून फेरतपासणी मागायचा हक्क. ट्रॅटल्सला संसदेपर्यंत जावं लागलं, ते आता साध्या अर्जाने मिळायला हवं. पुढे २००६च्या सागरी कामगार करारात हे सगळं आलं. भारताने तो ९ ऑक्टोबर २०१५ला स्वीकारला. त्यात मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, १८ खालच्यांचं एकच वर्ष, आणि रंगदृष्टीचं सहा वर्षं.

आणि पुन्हा पुणे

तर मग ते पुस्तक बरोबर आणि मी उगाच रडत होतो, असं का? तसंही नाही. कारण तेच पुस्तक समुद्र सोडून भलतीकडेही गेलं.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. लॉ कॉलेज रोडवरची एफटीआयआय. २०१५ मध्येच, म्हणजे माझ्याच वर्षी, पाटण्याचा एक तरुण तिथल्या फिल्म एडिटिंगच्या कोर्ससाठी निवडला गेला. मेडिकलमध्ये रंगांध निघाला, प्रवेश नाकारला. तो कोर्टात गेला. १२ एप्रिल २०२२ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: रंगांध विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, कुणालाच सरसकट वगळू नका. एडिटर एकटा काम करत नाही, रंगांचं काम बघायला वेगळी माणसं असतात, आणि चूक झाली तर कुणी बुडत नाही. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्सही खुलं केलं. सिग्नलची जागा ठरलेली असते, हे शेवटी कागदावर आलं म्हणायचं.

म्हणून आता कुणी ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ म्हटलं की मी तीन प्रश्न विचारतो. फिट, पण कोणत्या कामासाठी? कोणाच्या भल्यासाठी? आणि ‘नाही’ म्हणालात, तर मी पुढे कुणाकडे जायचं? ब्रिजवर उभं राहण्यासाठी मला दिलेलं ‘नाही’ या तिन्ही प्रश्नांत टिकतं. १९२१ मध्ये त्या १६ वर्षांच्या पोराला दिलेलं ‘हो’ पहिल्याच प्रश्नाला कोसळतं.

माझ्यावर अन्याय झाला असेल तर तो वेगळाच होता. मला कुणी आधी सांगितलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आणि टोकन घेणाऱ्याने तर नाहीच.

म्हणून ऐकणाऱ्यांत कुणी बारावीवाले असाल आणि बोटीवर जायचं मनात असेल, तर हे लिहून घ्या. एंट्रन्सच्या फीआधी, क्लासच्या फीआधी, कुणाही एजंटला एक रुपया द्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि म्हणा, इशिहारा करून द्या. भारतात डेक असो की इंजिन, दोन्ही शाखांच्या प्रवेशाला रंग नीट ओळखता यावे लागतात. मग खरं मेडिकल डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच करा. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर असते, पुण्याचे डॉक्टरही बघा. जुना आजार, ऑपरेशन, चालू गोळ्या काही लपवू नका. भर समुद्रात दवाखाना नसतो, आणि तो दुसरा प्रश्न तुमच्यासाठीच आहे. काही कारणाने नापास केलं तर कारण लेखी घ्या आणि फेरतपासणी मागा. तो हक्क आहे, मेहरबानी नाही.

आणि पुस्तकात तीन दिसला, तर जग संपत नाही. माझ्या ऑफिसात बिल्ड फेल झालं की लाल आणि पास झालं की हिरवं दिसतं. म्हणजे इतरांना दिसतं. मी एडिटरची थीम बदलून निळा-नारिंगी करून घेतलाय. दोन मिनिटांचं काम होतं. समुद्रातले दिवे मला तसे बदलता येत नाहीत, एवढाच फरक.

तुमच्या घरी कुणी बोटीवर होतं का? आजोबा, पणजोबा, कुणी आगवाला, कुणी सुकाणी? त्यांचं जुनं सर्टिफिकेट कपाटात असेल तर बाहेर काढा, नीट वाचा, आणि त्यावर कोणते प्रश्न विचारलेत ते मला नक्की कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!